करडईला ‘इंधनपीक’ म्हणून सरकारी पाठबळ मागावे का?

औसेकर_शेती (प्रश्न)

नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात शेती करतो आणि आमच्या भागातील शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालक मंडळावर आहे. सोयाबीन निघाले की आमच्या शिवारात रब्बीला जिकडे पाहावे तिकडे हरभराच असतो. माझ्या लहानपणी ज्वारीच्या रानाला चहूबाजूंनी करडईच्या चार ओळींचे कुंपण असे, जनावरे त्या काट्यांत तोंड घालत नसत आणि घरचे वर्षाचे तेल त्याच ओळींतून निघत असे. आज आमच्या गावात करडई पेरणारी घरे बोटांवर मोजता येतील.

मागील महिन्यात इंधनाच्या व्यवसायातील एका कंपनीचे दोन प्रतिनिधी आमच्या कार्यालयात आले होते. अमेरिकेत आणि युरोपात हिवाळी तेलबियांना इंधनासाठी सरकार भरघोस मदत करते, आपल्याकडेही तसे धोरण येऊ घातले आहे, तेव्हा आत्ताच पाच वर्षांचा करार करून पाचशे एकर करडई आमच्यासाठी लावा, असे त्यांचे म्हणणे होते. कराराचा मसुदा मी दोनदा वाचला. बियाणे कोणाकडून घ्यायचे, फवारणी कोणती करायची, माल कोठे पोहोचवायचा हे सारे त्यात बारकाईने लिहिले आहे; दराच्या रकान्यात मात्र ‘प्रचलित बाजारभावानुसार’ एवढेच शब्द आहेत.

संचालक मंडळात यावरून सरळ दोन तट पडले आहेत. तरुण सभासदांना वाटते की करडईला इंधनपीक घोषित करून अनुदान द्यावे, असे निवेदन आपणच सरकारला द्यावे. माझे मन अजून धजत नाही. परदेशात ही मदत नेमकी कोणाच्या हातात पडते, शेतकऱ्याच्या की कारखानदाराच्या, आणि आपल्या कोरडवाहू करडईला तो हिशेब लागू पडतो का, हे जाणकारांनी सांगितले तर निर्णय घेणे सोपे जाईल.

मृद्गंध_इलिनॉय

औसेकर दादा, मी मूळची बार्शीची. राहुरीहून कृषी पदवी घेतली आणि गेली अकरा वर्षे अमेरिकेत इलिनॉय राज्यात पीकपद्धतीवर काम करते. तुमच्याकडे आलेल्या प्रतिनिधींनी सांगितले ते खोटे नाही, पण अर्धेच आहे.

इथल्या मक्याच्या पट्ट्यात मका ऑक्टोबरच्या सुमारास निघतो आणि सोयाबीन थेट पुढल्या मे महिन्यात पेरतात. मधले सहा-सात महिने रान उघडे पडून राहते, आणि वसंतात बर्फ वितळून पाऊस सुरू झाला की जमिनीतला उरलासुरला नत्र शेताखाली पुरलेल्या निचऱ्याच्या नळ्यांतून ओढ्यात, ओढ्यातून मिसिसिपी नदीत आणि तेथून मेक्सिकोच्या आखातात वाहून जातो. या रिकाम्या महिन्यांत जमीन झाकून ठेवील आणि वर चार पैसेही देईल असे पीक हवे, या गरजेतून पेनीक्रेस आणि हिवाळी कॅमेलिना ही मोहरीच्या कुळातली दोन पिके पुढे आली. पेनीक्रेस तर आजवर तण म्हणून उपटून फेकले जात होते. शरद ऋतूत ते पेरले की तळहाताएवढा झुबका जमिनीला चिकटवून बर्फाखाली निमूट बसून राहते, आणि मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी काढणीला येते. बी इतके बारीक की मूठ जरा सैल पडली तरी बोटांच्या फटींतून गळून जाते. आमच्या प्रयोगक्षेत्रावर पहिल्या वर्षी कापणी यंत्राच्या सांध्यासांध्याला चिकटपट्टी लावण्यात आमची अख्खी सकाळ गेली होती. तेल मात्र तीस टक्क्यांहून अधिक निघते.

आता मदतीविषयी. संशोधनाला सरकारी पैसा नक्कीच मिळतो: पेनीक्रेससाठी २०१९ मध्ये केंद्रीय कृषी खात्याने १ कोटी डॉलर दिले, आणि मिनेसोटा विद्यापीठाच्या ‘फॉरएव्हर ग्रीन’ उपक्रमामागे त्या राज्याचे विधिमंडळ उभे आहे. मोठा पैसा मात्र इंधनाच्या टोकाला आहे. २००५ च्या ऊर्जा कायद्याने आणि २००७ च्या दुरुस्तीने तेलकंपन्यांवर नवीकरणीय इंधन मिसळण्याचे बंधन घातले. त्या यादीत कॅमेलिना तेलाला २०१३ मध्ये जागा मिळाली, तर मोहरीच्याच कुळातल्या कॅनोलाच्या तेलापासून बनणाऱ्या नवीकरणीय डिझेलला २०२२ च्या अखेरीस. शिवाय बायोडिझेलवर गॅलनला १ डॉलर करसवलत होती, ती मिश्रण करणाऱ्या व्यापाऱ्याला मिळे. मधल्या काळात ती कितीदा संपली आणि कितीदा मागाहून जिवंत केली गेली, याची गणती करणे अवघड आहे. २०२४ च्या अखेरीस ती बंद होऊन तिच्या जागी इंधन उत्पादकाला मिळणारी नवी सवलत आली, जी इंधनाचा कार्बन भार किती कमी आहे यावर ठरते. शेतकऱ्याचे नाव यांपैकी एकाही सवलतीच्या लाभार्थ्यांत नाही. बियाण्याला मागणी वाढून भाव चढला तर त्याच्यापर्यंत काही झिरपते, एवढेच.

थेट शेतकऱ्याला पैसे देणारी एक योजना २००८ च्या कृषी कायद्यात होती. २०११ मध्ये कॅमेलिनाही तिच्यात घेतले गेले, पण पुढे त्या योजनेला निधीच मिळेनासा झाला. याच सुमारास, २२ एप्रिल २०१० रोजी, अमेरिकी नौदलाने निम्म्या कॅमेलिना इंधनावर लढाऊ विमान उडवून दाखवले होते आणि वर्तमानपत्रांत त्याचा मोठा गाजावाजा झाला होता. विमान उडाले, पण शेतकऱ्याच्या बांधावर त्यातून फारसे काही पोहोचले नाही.

इथला शेतकरी आज ज्याविषयी खरोखर तक्रार करतो ती गोष्ट अनुदानाची नसून पीकविम्याची आहे. पेनीक्रेसनंतर सोयाबीन उशिरा पेरले जाते, आणि दुसऱ्या पिकामागून पेरलेल्या सोयाबीनला प्रत्येक जिल्ह्यात विमा मिळतोच असे नाही. २०२२ मध्ये दुबार पिकांच्या विम्याची व्याप्ती दीड हजारांहून अधिक जिल्ह्यांत वाढवली, तेव्हा कोठे थोडी वाट मोकळी झाली. गंमत अशी की हेच रोप नुसते आच्छादन म्हणून वाढवून वसंतात मारून टाकले तर जमीनसंधारणाचे अनुदान मिळू शकते, पण त्याचे बी काढून विकले तर ते आच्छादन पीक राहत नाही.

तुमच्या प्रश्नाचे मूळ मला येथेच दिसते. इथे ही पिके रिकाम्या हिवाळ्यात बसवली जातात. आपल्या काळ्या रानात रब्बी हा रिकामा हंगाम नाही. पावसाची साठलेली ओल हीच तेथे शेतकऱ्याची पुंजी असते आणि ती एकदाच खर्च करता येते.

घाणा_ते_एक्सपेलर

ताईंनी लिहिलेले पटले. माझी लातुरात तेलगिरणी आहे, वडिलांच्या काळात बैलाचा लाकडी घाणा होता, आता एक्सपेलर आहे. म्हणून मी फक्त गिरणीच्या उंबऱ्याच्या आतले सांगतो.

एक क्विंटल करडई घ्या. बियात तेल साधारण तीस टक्के असते, एक्सपेलरला त्यातले सत्तावीस किलो निघाले तर माल चांगला म्हणायचा. सत्तावीस किलो म्हणजे साधारण २९ लिटर तेल. बाकी सत्तर किलोच्या आसपास पेंड. रब्बी २०२६-२७ च्या विक्री हंगामासाठी करडईचा हमीभाव क्विंटलला ६,५४० रुपये आहे. साल न काढलेल्या करडईची पेंड कडवट असते आणि तिला सरकी किंवा शेंगदाणा पेंडीचा भाव कधीच येत नाही, तरी आपण वीस रुपये किलो धरू. चौदाशे रुपये सुटले. उरलेले ५,१४० रुपये २९ लिटर तेलावर बसवले तर लिटरला १७७ रुपये पडतात, आणि यात वीज, मजुरी, हमाली, वाहतूक यांतले काहीही धरलेले नाही. या तेलाचे बायोडिझेल करायचे तर पुढे मिथेनॉल आणि कॉस्टिक घालून त्यातले ग्लिसरीन वेगळे काढावे लागते, तो खर्च निराळा. पंपावर डिझेल नव्वदीच्या आसपास आहे.

म्हणजे शेतकऱ्याला हमीभाव द्यायचा आणि डिझेलच्या भावात इंधन विकायचे, तर लिटरमागे निदान नव्वद रुपये कोणीतरी खिशातून घालायला हवेत. कंपनी ते घालणार नाही, म्हणूनच कराराच्या मसुद्यात दराच्या जागी मोघम शब्द आहेत. खाण्याचे घाण्याचे करडई तेल मात्र माझ्या गिरणीतून यापेक्षा कितीतरी चढ्या दराने जाते आणि सणाच्या तोंडावर ते पुरत नाही. जे तेल ग्राहक डबा घेऊन रांगेत उभा राहून नेतो, ते इंजिनात जाळण्यासाठी सरकारकडे पैसे मागणे मला तरी उफराटे वाटते.

आणखी एक अडचण तेलाच्या स्वभावातली आहे. आपली नेहमीची करडई लिनोलिक आम्लाने भरलेली असते, सुमारे पंचाहत्तर टक्के. डॉक्टर त्यासाठीच तिचे कौतुक करतात, पण असे तेल हवेशी लवकर संयोग पावते आणि चिकट होते. तेल असे किती चटकन चिकटेल याचा अंदाज देणारा आयोडीन अंक युरोपातील बायोडिझेलच्या मानकात १२० च्या वर चालत नाही. करडईचा तो १४० च्या घरात जातो. माझ्याकडे एक्सपेलरच्या चौकटीवर सांडलेले तेल पंधरा दिवस पुसायचे राहिले तर त्याचा पिवळा वार्निश होतो आणि तो खरवडायला कानस लागते. अशी पुटे इंजिनात धरली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. ओलिक आम्ल जास्त असलेल्या करडईच्या नव्या जाती निघाल्या आहेत, त्यांचे तेल टिकते. पण तेच तेल तळणासाठीही उत्तम असल्यामुळे त्याला खाद्यतेलाच्या बाजारातच जास्त पैसे मिळतील.

हानोफरचा_पाहुणा

मी गेली चौदा वर्षे उत्तर जर्मनीत आहे. शेती माझा व्यवसाय नाही, परंतु मी यंत्र अभियंता म्हणून ज्या कारखान्यात लागलो तो मुळात बायोडिझेलसाठी उभारलेला होता, त्यामुळे ती कहाणी जुन्या सहकाऱ्यांकडून अनेकदा ऐकली आहे.

इथले हिवाळी पीक म्हणजे रॅपसीड, आपल्या मोहरीचे थोरले भावंड. ते ऑगस्टच्या अखेरीस पेरतात आणि पुढच्या जुलैत काढतात. म्हणजे तेही रिकामा काळ भरून काढणारे पीक नाही. अकरा महिने रान अडवून ठेवते. १९९२ च्या सुधारणेनंतर युरोपीय संघाने धान्याचे उत्पादन आवरण्यासाठी शेतकऱ्यांना काही जमीन पडीक ठेवायला लावली, आणि त्या पडीक जमिनीवर खाण्यासाठी नसलेले पीक मात्र घेता येईल अशी मुभा दिली. तिथे इंधनासाठीचे रॅपसीड वाढले. जोडीला शुद्ध बायोडिझेलवर इंधनकर नव्हता, त्यामुळे ते डिझेलहून स्वस्त पडे. देशभरात दीड हजारांहून अधिक पंपांवर ते मिळे आणि मालवाहतूकदार आपले ट्रक त्यावर चालवीत. गावोगावच्या छोट्या तेलगिरण्या याच काळात उभ्या राहिल्या.

ऑगस्ट २००६ पासून सरकारने शुद्ध बायोडिझेलवर टप्प्याटप्प्याने कर बसवायला सुरुवात केली, कारण बुडणारा महसूल डोळ्यांत खुपू लागला होता. जानेवारी २००७ पासून करमाफीच्या जागी मिश्रणाचे बंधन आले. वरकरणी दोन्ही उपाय सारखेच दिसतात, कारण दोन्हींत बायोडिझेल खपते; पण करमाफीत छोटी गिरणी आपल्या गावातल्या ट्रकवाल्याला तेल विकू शकत होती, तर मिश्रणाच्या बंधनात खरेदीदार म्हणजे मोजक्या तेलकंपन्या, आणि त्या जगभरातून जिथे स्वस्त मिळेल तिथून माल उचलतात. अनेक छोट्या गिरण्या त्या फेऱ्यात बंद पडल्या.

मृद्गंध ताईंनी सांगितलेल्या त्या गॅलनमागच्या एका डॉलरचा येथेच संबंध येतो. अमेरिकेत ९९ भाग बायोडिझेलमध्ये थेंबभर डिझेल टाकले की ‘मिश्रण’ झाले, डॉलर खिशात पडला आणि तोच माल जहाजाने युरोपात येऊन इथल्या उत्पादकांपेक्षा स्वस्त विकला जाऊ लागला. अखेर २००९ मध्ये युरोपीय संघाने त्यावर जादा आयात शुल्क लावले. एका देशाच्या करदात्याच्या पैशाने दुसऱ्या देशातली गिरणी बंद पडण्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

शेतकऱ्यांना हेक्टरी ४५ युरो इंधनपीक भत्ताही काही वर्षे मिळाला. तोही २०१० पासून बंद झाला. अन्न की इंधन हा वाद पेटल्यानंतर २०१५ मध्ये पिकांपासूनच्या इंधनाला वाहतुकीच्या ऊर्जेत ७ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली गेली. तरीही रॅपसीड टिकले, कारण त्याची पेंड दुभत्या गायींना सोयाबीनऐवजी चालते आणि गव्हाच्या फेरपालटीत ते जमिनीला मानवते. केवळ इंधनावर ते उभे राहिले असते असे इथले शेतकरीही म्हणत नाहीत.

औसेकर_शेती

सर्वांचे मनापासून आभार. गिरणीवाले दादांचा हिशेब मी आमच्या तरुण सभासदांना वाचून दाखवला. त्यावर एकाने विचारले की साध्या बायोडिझेलचे राहू द्या, विमानाच्या इंधनाचे काय? तिकडे दर जास्त मिळतो असे तो म्हणतो. दुसऱ्याचे म्हणणे असे की इथेनॉलसाठी सरकारने जसा उसाच्या रसाला दर बांधून दिला, तसाच करडईच्या तेलाला द्यावा. मग लिटरमागचे नव्वद रुपये सरकार घालेल.

निवृत्त_कृषी_अधिकारी

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मी कृषी खात्यात तेहतीस वर्षे काढली, त्यातली बरीचशी मराठवाड्यात, त्यामुळे या विषयातील सरकारी कागद माझ्या टेबलावरून बऱ्याचदा गेले आहेत.

इथेनॉलचा दाखला आधी घेऊ. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला लिटरला ६५ रुपये ६१ पैसे असा दर केंद्राने बांधला आणि तेलकंपन्यांना तो माल घ्यायला लावला, म्हणून कारखान्यांनी आसवन्या उभारल्या. पण त्यामागे एक परिस्थिती होती: देशात साखर जास्त झाली होती आणि ती कोठे घालवायची हा सरकारपुढचा प्रश्न होता. खाद्यतेलाचे नेमके उलट आहे. आपण आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. म्हणूनच २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात बायोडिझेलसाठी अखाद्य तेलबिया, वापरलेले खाद्यतेल आणि तत्सम कच्चा माल यांचा विचार केला आहे. करडईला इंधनपीक घोषित करा, असे निवेदन घेऊन आपण मंत्रालयात गेलात तर पहिला प्रश्न असा येईल की तुम्ही जाळलेल्या प्रत्येक टनामागे आम्ही एक टन पामतेल कोठून आणायचे. त्याला आपल्याकडे उत्तर नाही.

बांधलेल्या दराची गोष्टही पूर्वी होऊन गेली आहे. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ मध्ये २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के बायोडिझेल मिसळण्याचे स्वप्न मांडले आणि त्यासाठी मोगली एरंडावर, म्हणजे चंद्रज्योतीवर, भिस्त ठेवली. १ जानेवारी २००६ पासून तेलकंपन्यांनी बायोडिझेल लिटरला २५ रुपये दराने घ्यावे असे धोरण आले. उत्पादन खर्च त्याहून जास्त असल्यामुळे खरेदी केंद्रांवर माल येईना. २००९ च्या धोरणाने वीस टक्क्यांची मुदत २०१७ केली. २०१८ च्या धोरणाने लक्ष्यच पाच टक्क्यांवर आणले आणि मुदत २०३० केली. प्रत्यक्षात मिश्रण एक टक्क्यालाही पोहोचलेले नाही. दर जाहीर करणे आणि परवडेल असा दर जाहीर करणे यांत किती अंतर असते, ते या आकड्यांवरून दिसते.

विमानाच्या इंधनाबाबत आपल्या तरुण सभासदाचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. त्यात तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया होते, त्यामुळे आयोडीन अंकाची अडचण उरत नाही. देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने चंद्रज्योतीच्या तेलापासून बनवलेल्या इंधनावर २७ ऑगस्ट २०१८ रोजी देहरादून ते दिल्ली विमान उडाले होते, आणि मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला गेलेल्या विमानात पुण्याच्याच प्राज कंपनीने तयार केलेले इंधन मिसळले होते. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ टक्के आणि २०३० मध्ये ५ टक्के असे लक्ष्यही ठरले आहे. पण कच्चा माल म्हणून सर्वांचा डोळा इथेनॉलवर आणि हॉटेलांतल्या तळणाच्या तेलावर आहे. पानिपतच्या सरकारी तेलशुद्धीकरण कारखान्याला २०२५ मध्ये याच वापरलेल्या तेलापासूनच्या विमान इंधनासाठी प्रमाणपत्र मिळाले. एकदा भजी तळून झालेले तेल ज्यांना स्वस्तात मिळते, ते १७७ रुपयांचे ताजे करडई तेल कशाला घेतील?

डोंगरकडा

मध्येच दोन शब्द लिहितो. मी बुलढाणा जिल्ह्यातला. २००५ च्या पावसाळ्यात एका कंपनीच्या शब्दावर वडिलांनी माळाच्या तीन एकरांवर चंद्रज्योत लावली. तिला पाणी लागत नाही, खत लागत नाही, असे सांगितले होते आणि ते खरे होते. पाणी व खत न दिल्यास ती मरत नाही, फक्त फळे धरत नाही, हे कोणी सांगितले नव्हते. चौथ्या वर्षी दीड पोते बी निघाले. ते घेऊन वडील तालुक्याच्या गावी गेले तेव्हा कंपनीच्या कार्यालयाच्या जागी मोबाइल दुरुस्तीचे दुकान होते. बी विषारी, पेंड गुरांना चालत नाही, म्हणून ते पोते गोठ्याच्या आढ्याला कितीतरी वर्षे टांगलेले होते. झाडे मात्र अजून बांधावर आहेत आणि शेळ्या त्यांना तोंड लावत नाहीत, एवढा उपयोग झाला. औसेकर भाऊ, दराचा रकाना भरल्याशिवाय सही करू नका.

वैनगंगाकाठ

मृद्गंध ताईंच्या रिकाम्या हिवाळ्याच्या मुद्द्यावर मला एक सांगावेसे वाटते. महाराष्ट्रात असे रान अजिबात नाही असे नव्हे. आमच्या भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धान कापल्यावर बरीच जमीन उन्हाळ्यापर्यंत पडून असते. पूर्वी धान उभा असतानाच, चिखलात ओल असताना, जवस किंवा लाखोळी फेकून पेरण्याची उतेरा पद्धत सर्रास होती. धान कापणारीच्या पायाखाली जवसाची बोटभर रोपे उगवलेली असत आणि विळा थोडा वर धरून कापावे लागे, हे मी आईला करताना पाहिले आहे. मोकाट गुरांमुळे आणि हार्वेस्टरच्या चाकांमुळे ते मागे पडले. इंधन म्हणून जवस करडईपेक्षाही निरुपयोगी असेल, कारण त्याचे तेल वाळून रंगाचा पापुद्राच होते. पण तेलबियांना पाठबळ द्यायचे असेल तर ते येथे द्या, म्हणजे कोणाचा हरभरा किंवा ज्वारी हटवावी लागणार नाही.

निवृत्त_कृषी_अधिकारी

वैनगंगाकाठ यांची सूचना सरकारी कागदांतही आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय खाद्यतेल-तेलबिया अभियानाची तरतूद २०३०-३१ पर्यंत १०,१०३ कोटी रुपयांची असून, धान आणि बटाट्यानंतर पडीक राहणाऱ्या जमिनीवर तेलबिया नेणे हा त्यातला एक प्रमुख भाग आहे. ३४७ जिल्ह्यांत सहाशेहून अधिक समूह करायचे असून ते चालवण्याचे काम शेतकरी उत्पादक कंपन्या आणि सहकारी संस्थांकडे द्यायचे आहे. समूहातील शेतकऱ्यांना दर्जेदार बियाणे मोफत मिळते. औसेकरांच्या कंपनीने निवेदन द्यायचेच असेल तर ते या अभियानात शिरण्यासाठी द्यावे, असे मला वाटते.

त्याच वेळी एक विसंगतीही सांगितली पाहिजे. हे अभियान मंजूर होण्याच्या काही आठवडे आधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, कच्च्या खाद्यतेलावरील प्रभावी आयात शुल्क २७.५ टक्के केले होते. मे २०२५ च्या अखेरीस ते १६.५ टक्क्यांवर आणले. ग्राहकाला तेल स्वस्त मिळावे हा हेतू समजण्याजोगा आहे, परंतु शुल्क उतरले की बाजार समितीतला तेलबियांचा भाव उतरतो आणि मोफत बियाण्याच्या पिशवीने ती खोट भरून निघत नाही. करडईचे क्षेत्र गेल्या तीन-चार दशकांत जे कोसळले, त्यामागे काटे, मजुरांचा तुटवडा आणि मावा कीड ही कारणे आहेतच. पण हरभऱ्याला खरेदी केंद्र उघडते आणि करडई व्यापाऱ्याच्या ओट्यावर नेऊन टाकावी लागते, हे मला त्यातले मोठे कारण वाटते. हमीभाव कागदावर चांगला आहे, हरभऱ्याच्या ५,८७५ रुपयांपेक्षा साडेसहाशेहून अधिक. खरेदी होत नसेल तर तो पेरणाऱ्याच्या काय कामाचा?

औसेकर_शेती

काल संध्याकाळी आमची सभा झाली. इंधनाच्या कराराला आम्ही नकार कळवला आहे. त्यांनी दर लिहून देण्याची तयारी दाखवली तर पुन्हा बोलू, असे पत्रात लिहिले आहे, पण तसे उत्तर येईल असे मला वाटत नाही. इंधनपिकाच्या मागणीचे निवेदनही बाजूला ठेवले. त्याऐवजी दोन मागण्या लिहिल्या: तेलबिया अभियानात आमच्या कंपनीला करडईचा समूह चालवायला द्यावा, आणि करडईचे खरेदी केंद्र फेब्रुवारीतच उघडावे. आमच्याकडे दसऱ्याच्या सुमारास पेरलेली करडई शिमग्याच्या आधी खळ्यावर येते, आणि मार्चअखेरपर्यंत माल धरून ठेवण्याची ऐपत दहातल्या दोघांचीच असते.

यंदा चाळीस सभासद प्रत्येकी एक एकर करडई पेरायला तयार झाले आहेत. त्यातले बहुतेक कापणीच्या मजुरीला घाबरतात. पूर्वी पहाटे दव असताना काटे मऊ पडलेले असत, तेव्हा हाताला फडकी गुंडाळून बायका कापणीला जात. आता त्या वेळेला यायला कोणी तयार नाही. फलटणच्या निंबकर संस्थेने काढलेल्या बिनकाट्याच्या जातींविषयी ऐकले आहे. पण बिनकाट्याची पेरली तर रानडुकरे आणि हरणे शिरतील, असे जुन्या मंडळींचे म्हणणे आहे. गिरणीवाले दादा, तुमच्याकडे बिनकाट्याची करडई गाळपाला येते का, आणि तेलात काही फरक पडतो का?

घाणा_ते_एक्सपेलर

येते, थोडी येते. तेलात म्हणावा असा फरक मला दिसला नाही. तेल जातीवर आणि दाणा किती भरला यावर जाते, काट्यांवर नाही. माझ्याकडे येणारे दोन शेतकरी असे करतात की रानाच्या कडेने काट्यांच्या आठ ओळी लावतात आणि आतल्या भागात बिनकाट्याची पेरतात. कडेची करडई मळणी यंत्राने जाते आणि आतली मजूर हाताने कापतात. कोणाला हार्वेस्टर मिळणार असेल तर हा खटाटोप नको, सरळ काट्यांचीच पेरा. यंत्राला काटे टोचत नाहीत.

माल आणताना ओलावा तेवढा बघा. दाताखाली दाणा कट्‌कन फुटला पाहिजे, चेपला तर अजून दोन उन्हे द्या. चाळीस एकरांचा माल एकदम आणणार असाल तर आठ दिवस आधी कळवा, म्हणजे सोयाबीनचे गाळप थांबवून एक्सपेलर धुऊन ठेवतो.